मधल्या बाकावरचा फोन

माझ्या फोनला चित्रकलेत पस्तीस गुण मिळाले होते. गणितात अठ्ठ्याहत्तर, पाठांतरात सत्तर, हजेरी उत्तम. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय, 'कष्टाळू आहे. उन्हात डोकं लवकर तापतं. पालकांनी लक्ष द्यावे.' खाली मुख्याध्यापकांची सही आणि पालकाच्या जागी माझी. हे प्रगतीपत्रक आमच्या स्वयंपाकघरात, विजेची बिलं अडकवायच्या तारेला लटकवलेलं आहे. पाहुणे ते वाचतात आणि आमचा मुलगा कितवीत आहे असं विचारतात. आम्हाला मुलगा नाही. मग मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं.

आमच्या समोर सोनकांबळे सर राहतात. तीस वर्षं ते किनवटकडच्या एका निवासी शाळेत होते, शेवटची बारा मुख्याध्यापक. निवृत्त झाल्यावर नांदेडात आमच्या कॉलनीत घर बांधलं. येताना सामानात दोन गोष्टी जास्तीच्या आणल्या. एक पितळी घंटा आणि दुसरं, कोऱ्या प्रगतीपत्रकांचे चार गठ्ठे. सरकारनं नमुना बदलला आणि जुनी पत्रकं रद्दीत निघाली. सरांना कोरा कागद रद्दीत टाकणं जमत नाही. घंटेचा उपयोग त्यांना अजून सापडलेला नाही, पत्रकांचा मात्र लवकरच सापडला.

त्याचं असं झालं. कॉलनीतल्या कुणीतरी नवा फोन आणला आणि दाखवायला सरांकडे नेला. सरांनी तो हातात घेतला, उलटा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "याची चाचणी घेतली का?" त्या माणसानं पेढे आणले होते, चाचणी घेतली नव्हती. सरांनी फोन दोन दिवस ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी फोनबरोबर प्रगतीपत्रक मिळालं. तेव्हापासून आमच्या कॉलनीत परीक्षा झाल्याशिवाय फोन खिशात जात नाही.

अभ्यासक्रम ठरलेला आहे. हजेरी म्हणजे नेटवर्क. फोनला घराच्या चारी कोपऱ्यांत, जिन्याखाली आणि संडासात नेऊन तिथं फोन लावायचा. "जिथं हाक मारली तिथं 'हजर सर' आलं पाहिजे. किनवटला आम्ही एका फोनसाठी पाण्याच्या टाकीवर चढून राहायचो." गणित म्हणजे जड काम देऊन ते किती झटपट उरकतो ते बघायचं. पाठांतर म्हणजे बारा गोष्टी उघडून पुन्हा पहिलीवर यायचं, विसरला असला तर गुण कापायचे. तोंडी परीक्षा म्हणजे आवाज, ती स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्या चालू असताना. वर्तणुकीसाठी गच्चीवर, भर दुपारी, टाकीच्या झाकणावर दहा मिनिटं उभा करायचा. नांदेडच्या मे महिन्यात त्या झाकणावर माणूस दहा मिनिटं उभा राहिला तर त्याचीही वर्तणूक बिघडेल, पण सर ऐकत नाहीत.

चार्जिंगला ते भोजन म्हणतात. मला आडनावानं हाक मारून सांगतात, "पंधरा मिनिटांत ताट साफ करणाऱ्या पोरावर माझा इस्वास न्हाई, स्वामी. सावकाश जेवतंय ते दिवसभर टिकतंय." त्यांच्या वसतिगृहात दोनशे पोरं जेवायची, त्यामुळे या विषयात आपण वाद घालू शकत नाही.

फोनबरोबर आधीच भरून येणाऱ्या, कुणी न मागितलेल्या गोष्टींचा त्यांना फार राग. "पोरगं एकटं शाळेत घालायचं असतंय. संग आठ मामा आन् सोळा मावश्या कशाला?" मग एका-एका मावशीला ते घरी पाठवत बसतात. काही मावश्या जाता जात नाहीत, तेव्हा शेऱ्यात 'नातेवाईक फार' असं येतं.

दुकानात तर त्यांच्याबरोबर जाऊच नये असं मी ठरवतो आणि दर वेळी जातो. मोबाइलवाले गफारभाई दुरून सरांना पाहिलं की थंड पाणी मागवतात. ते कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे सांगू लागले की सर हात वर करतात. "प्रवेशाला आलेला बाप पोराबद्दल काय काय सांगतोय, त्याच्यावर आम्ही कधी मार्क दिलो का? एवढंच सांगा, हा किती इयत्ता शिकणार?" म्हणजे कंपनी किती वर्षं फोन नवा करत राहणार. "चार साल, सर," गफारभाई म्हणतात. "म्हंजे चौथी पास. बरंय, लिहिता-वाचता येईल."

सरांचं सगळं तत्त्वज्ञान बाकांवर उभं आहे. पहिल्या बाकावरचा म्हणजे तो लाखाच्या घरातला फोन, शेवटच्या बाकावरचा म्हणजे सगळ्यात स्वस्त, आणि मधल्या बाकावरचा म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातला पंधरा-वीस हजारांचा. "पहिल्या बाकावरचा पोरगा हुशार असतंय, न्हाई कोण म्हणतंय. पण त्याला सांभाळावं लागतंय. त्याला काचेचं दप्तर, त्याला येगळा डबा. शेवटच्याला रोज उठवावं लागतंय. मधल्या बाकावरचा पोरगा स्वतः उठतंय, स्वतः जेवतंय, अन् शाळेची टाकी भरायला सांगितली की तीबी भरतंय. पैसा वसूल म्हणलं तर हाच."

माझा मेहुणा लातूरला असतो. त्याची धान्याची आडत आहे आणि त्याला महागाच्या वस्तूंचा षोक. एकदा तो सकाळच्या गाडीनं आमच्याकडे आला आणि नवा फोन टेबलावर असा ठेवला की तो सगळ्यांना दिसावा. माझी बायको संगीता म्हणजे त्याची सख्खी बहीण. तीच म्हणाली, "जा, सरांना दाखवून ये."

"लाखाच्या वरचा हाय, सर," मेहुणा म्हणाला.

"फी लई भरली म्हणून मार्क वाढत न्हाईत, अप्पा."

परीक्षा सुरू झाली. फोननं गणितात सरांना गप्प केलं, पाठांतरात तर पैकीच्या पैकी घेतले. मेहुणा मिशीला हात लावून बसला होता. मग गच्ची झाली, चारी कोपरे झाले आणि दुपारी चारच्या सुमाराला फोननं मान टाकली. चार्जर लातूरला राहिला होता आणि आमच्या कॉलनीतला कुणाचाच त्याला लागत नव्हता. चित्रकलेचा पेपर राहूनच गेला. सरांनी लिहिलं, 'बुद्धिमान. दुपारी वर्गात झोपतो. स्वतःच्याच डब्यातले खातो.' मेहुणा चिडून निघून गेला खरा, पण महिन्याभरानं बायकोसाठी फोन घ्यायची वेळ आली तेव्हा गुपचूप मलाच विचारलं, "ते मास्तर मधला बाक कुठला म्हणायचे हो, भाऊजी?"

चित्रकला हा शेवटचा पेपर. तो दिवेलागणीला, सरांच्या ओट्यावरून. "उन्हात कुणीबी चित्र काढतंय. उजेड कमी झाल्यावर कळतंय." समोर माझ्या फाटकावर माझ्या नावाची पाटी आहे, तिचा फोटो काढायचा आणि मोठा करून नाव वाचायचं. गेली दोन-तीन वर्षं या विषयात मधल्या बाकावरच्या फोनांना साठ-पासष्ट सहज मिळायचे. मागच्या दिवाळीपासून मात्र निकाल घसरला. माझ्या पाटीचे फोटो असे येऊ लागले की त्यावर स्वामी लिहिलंय की स्वाती, ते सांगता येऊ नये. एकामागून एक नऊ फोन पस्तिशीत अडकले. सर म्हणू लागले, "कंपन्यांनी मधल्या बाकाच्या चित्रकलेकडं दुर्लक्ष केलंय." ते कॉलनीभर झालं. गफारभाई एकदा मला स्टेशनजवळ थांबवून म्हणाले, "स्वामी साब, सर को जरा बोलो ना. गिऱ्हाईक आता चित्रकला पूछ रहा है. मेरा माल खराब नहीं है." मी म्हणालो, सर कुणाचं ऐकतात का.

त्याच दिवाळीपासून आणखी एक झालं होतं. सर पत्रक मला लिहायला लावू लागले. सरांचं अक्षर म्हणजे किनवट भागात नावाजलेलं. शाळेच्या फळ्यावरचा त्यांचा सुविचार सायंकाळपर्यंत कुणी पुसत नसे. आणि आता ते खुर्चीत मागे टेकून म्हणत, "तुम्ही लिहा, स्वामी. रेल्वेच्या हापिसात दिवसभर लिहूनच राहता, तुम्हाला सवय हाय." चहाही ते दोन्ही हातांत ग्लास धरून पिऊ लागले होते. मी विचारलं तर म्हणाले, गरम वाटतंय. बेचाळीस डिग्रीत माणसाला आणखी किती गरम वाटायला हवं असतं, हे विचारायचं मला सुचलं नाही. मी रोज त्यांच्यासमोर बसणारा माणूस. मला काहीच दिसलं नाही, याची लाज अजून वाटते.

सरांना एकच मुलगी, प्रज्ञा. बंगळुरूला एका प्रयोगशाळेत काम करते. आधी ती हैदराबादला होती, पण काकू आजारी पडल्या तेव्हा नोकरी सोडून घरी आली आणि दोन वर्षं आईच्या उशाशी बसली. काकू गेल्या. त्यानंतर तिला पुन्हा नोकरी मिळायला फार त्रास झाला. सर ते विसरले नाहीत. एकदा मला म्हणाले, "तिची दोन वर्षं आम्ही घेतलो. आता एक दिवस घ्यायचा न्हाई." प्रज्ञा रोज संध्याकाळी सातला व्हिडिओ कॉल करते. सर पावणेसातला दाढी करतात, इस्त्रीचा सदरा घालतात आणि ओट्यावर खुर्ची टाकून फोन समोर धरून बसतात.

तिनं गुढीपाडव्याला सरांना फोन पाठवला. पहिल्या बाकावरचा, अगदी मास्तरांच्या टेबलाला चिकटून बसणारा. सरांनी खोका उघडला नाही. कपाटावर, काकूंच्या शिवणयंत्राच्या झाकणाशेजारी ठेवून दिला. एक दिवस मला प्रज्ञाचा फोन आला. "काका, बाबांना तो फोन वापरायला लावा ना. तुमचं ऐकतील. मी सांगितलं की म्हणतात, मधल्या बाकावरचा काय वाईट आहे. कॉलवर चित्र सारखं हलतं. विचारलं तर म्हणतात, स्वस्तातला फोन आहे गं, हलणारच."

मी शब्द दिला आणि फसलो. दोन महिने मी सरांना समजावत होतो. ते कधी म्हणत खोक्याला मुहूर्त बघायचाय, जे मुहूर्त कधीच न मानणाऱ्या त्यांच्यासारख्या माणसानं म्हणणं म्हणजे कमालच होती. कधी म्हणत, एवढा महाग फोन खिशात असला की माणूस वाकायला भितो. शेवटी म्हणाले, "स्वामी, तत्त्वाचा प्रश्न हाय." तत्त्व म्हटल्यावर मी उठून आलो.

सोक्षमोक्ष संगीतानं लावला. एका शुक्रवारी आम्ही दोघं सरांकडे बसलो होतो. तिनं कपाटावरच्या खोक्याकडे पाहिलं आणि साधेपणानं म्हणाली, "सर, तुमच्या शाळेत पेपर न घेता नापास करायचे का हो?"

सरांनी उठून खोका काढला. हा प्रश्न तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला टाळता येणारा नव्हता.

परीक्षा रीतसर झाली. मी लिहीत होतो, सर सांगत होते, पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मावश्या मोजताना त्यांनी एकही विनोद केला नाही. दिवे लागायची वेळ झाली तसे आम्ही ओट्यावर आलो. सर फोन हातात घेऊन नुसतेच उभे राहिले. मग एकदम त्यांनी फोटो काढला आणि फोन संगीताकडे दिला. "तुम्हीच वाचा, वहिनी."

"महालिंग स्वामी," संगीतानं वाचलं. "खाली वेलबुट्टी. आणि पाटीचा एक स्क्रू निघालाय, अहो, मी कधीची सांगते तुम्हाला."

"ब्याण्णव," सर म्हणाले. मग लगेच, "पंच्याण्णव लिहा. लिहा, लिहा." त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, चला, झालं काम. "बघा, मी म्हणून राहिलो होतो की न्हाई? दोष मधल्या बाकाचाच होता. कॅमेराच मंद."

संगीताला तो स्क्रू मला दाखवायचाच होता. माझ्या आळसावर बोट ठेवायला सापडलेला पुरावा ती सोडणार कशी? तिनं शेजारी पडलेला माझा फोन उचलला, तोच पस्तीसवाला, आणि तिथूनच पाटीचा फोटो काढला. "हे बघा," म्हणून तिनं तो मोठा करून माझ्यासमोर धरला. महालिंग स्वामी. खाली वेलबुट्टी. निघालेला स्क्रू.

सरांनी दोन्ही फोन घेतले आणि शेजारी शेजारी धरले. तेव्हा मला दिसलं. दोन्ही फोन हलत होते.

सरांनी खुर्चीत बसून फोन मांडीवर ठेवले आणि हात खिशात घातले. मग म्हणाले, "दिवाळीपासून हलून राहिलेत. आधी उजवा, आता डावाबी. मला ठाऊक होतं, स्वामी. पण म्हणलं, जोवर तो खोका बंद हाय तोवर कॅमेऱ्यावर ढकलता येतंय. खोका उघडला अन् त्याच्यातबी हललं, तर प्रज्ञाला काय सांगू? ती नोकरी सोडून येईल हो. मागं आली तशी येईल."

संगीता आत जाऊन पाणी घेऊन आली. मला इतकं वाईट वाटलं की मी उगाच पत्रकावर रेघा ओढत बसलो. सर हळूच म्हणाले, "हा नवा मात्र स्थिर दाखवतोय. हात हलतोय, चित्र हलत न्हाई." त्यांच्या मनात काय आलं ते आम्हा दोघांनाही कळलं. या फोनवर प्रज्ञाला कधीच काही कळणार नव्हतं. ती नोकरीत राहिली असती आणि सर इस्त्रीच्या सदऱ्यात रोज सातला ठणठणीत दिसले असते. आम्हाला ते गप्प राहा म्हणाले असते तर आम्ही राहिलोही असतो.

सात वाजले. परीक्षेसाठी घातलेलं सरांचं सिमकार्ड नव्या फोनमध्येच होतं. फोन वाजला आणि प्रज्ञा दिसली. "बाबा! उघडला का शेवटी? किती छान दिसताय."

सर तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या मनगटापासून फोन थरथरत होता आणि पडद्यावरच्या कोपऱ्यातले सर अगदी स्थिर होते. "प्रज्ञा," ते म्हणाले, "हा फोन हलत न्हाई गं."

"म्हणून तर घेतला, बाबा."

सरांनी फोन जरा जवळ घेतला. ती म्हणाली, "मी दुकानात तेवढंच विचारलं होतं. हात हलला तरी चित्र हलणार नाही असा कुठला? मला दिवाळीतच दिसलं होतं, तुम्ही पणती लावताना. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. मग वाटलं, तुम्हाला सांगायचं नसेल तर निदान बोलताना तुम्हाला अवघड होऊ नये."

"नोकरी सोडायची न्हाई," सर म्हणाले. एवढंच.

"कुणी सोडतंय? उद्या रात्रीच्या गाडीनं निघते, रविवारी डॉक्टरकडे जाऊ. दोन दिवस रजा आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमचं फाटक वाजलं. सर लाल पेन घेऊन उभे होते. "फेरतपासणी," ते म्हणाले. विजेच्या बिलांतून माझ्या फोनचं पत्रक काढून त्यांनी टेबलावर पसरलं. मी म्हटलं, द्या, मी लिहितो. "न्हाई. माझ्या हातानं गेलेले मार्क हायत, माझ्याच हातानं देऊ द्या." डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्यांनी पस्तीस खोडले आणि चौऱ्याहत्तर लिहिले. त्याला बराच वेळ लागला. चाराचा पाय रकान्याबाहेर गेला. शेऱ्यात त्यांनी जोडलं, 'परीक्षकाची चूक.'

मग आम्ही बाकीच्या आठ घरी गेलो. प्रत्येक घरी सरांनी तेच सांगितलं. "माझा हात हलून राहिला. पोराचा दोष न्हाई. ज्याचा हात धड हाय, त्याला मधला बाक पुरतोय." शेवटी गफारभाईंकडे गेलो. त्यांनी थंड पाणी मागवलं, सगळं ऐकून घेतलं आणि सरांचा हात दोन्ही हातांत धरून बसले. माल विकायचं त्यांना त्या दिवशी सुचलं नाही.

परत आल्यावर सरांनी गठ्ठ्यातलं एक कोरं पत्रक काढलं आणि स्वतःचं नाव घातलं. हजेरी उत्तम, भोजन बेताचं, हस्ताक्षर पस्तीस. शेरा, 'तब्येत लपवतो.' पालकाच्या सहीची जागा कोरी ठेवली. रविवारी प्रज्ञा आली, त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, गोळ्या आणल्या, त्यांच्या वेळा कागदावर लिहून कपाटाला चिकटवल्या. मंगळवारी निघताना तिनं ते पत्रक वाचलं, पालकाच्या जागी सही केली आणि संध्याकाळच्या गाडीनं बंगळुरूला कामावर परत गेली.